निवडलेल्या गोष्टी

मराठीत 'निवडणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. साडीच्या दुकानात पन्नास घड्या मोडायला लावून बायका एक साडी निवडतात, तो एक. आणि दुपारची जेवणं आटोपल्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसतात, तो दुसरा. पहिल्यात आवडेल ते उचलायचं असतं, दुसऱ्यात नको ते काढून फेकायचं असतं. स्वतःसाठी पुस्तक निवडणारा माणूस पहिल्या अर्थाने निवडतो. दुसऱ्यासाठी, त्यातून लहान मुलांसाठी, निवडायला बसला की त्याच्या मांडीवर आपोआप सूप येतं. मग तो गोष्ट वाचत नाही, खडे शोधतो. खडे संपले तरी त्याचा हात थांबत नाही. जरा काळसर दिसणारा प्रत्येक दाणा त्याला खडाच वाटू लागतो, आणि शेवटी चार माणसांच्या तांदळात दोघांपुरता भात उरतो.

हे तत्त्वज्ञान मला सुचलं ते आमच्या सोसायटीच्या वाचनालयामुळे. वाचनालय म्हणजे जिन्याखालच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं. एकात मराठी पुस्तकं आहेत, लोकांनी घरं बदलताना मोठ्या मनाने दिलेली, म्हणजे रद्दीवाल्याने नाकारलेली. दुसरं रिकामं होतं. त्यात लहान मुलांसाठी आणि इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मोठ्यांसाठी सोप्या इंग्रजी गोष्टी ठेवायच्या, असं वार्षिक सभेत ठरलं. निवड करायला तिघांची समिती नेमली. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी सोसायटी नुसतं 'बाई' म्हणते. दुसरे सेक्रेटरी, पदसिद्ध. तिसरा मी. माझी पात्रता एवढीच की विमा कचेरीत बत्तीस वर्षं काढूनही मी हातात पुस्तक घेऊन लिफ्टची वाट पाहताना दोन-तीनदा लोकांना दिसलो होतो.

इंग्रजी शिकणारे मोठे कोण, असं कुणी विचारील. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून आपल्याकडे ते पहिलीपासून आलं. त्यामुळे आता घरातलं शेंडेफळ इंग्रजीत भांडतं आणि आजी मधल्या मध्ये अडकते. न्यू जर्सीतला नातू फोनवर काय बोलतो ते तिला कळत नाही, आणि ती काय विचारते ते त्याला. अशा चार आज्या, रात्रपाळीचा वॉचमन, आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, एवढे सभासद नावं देऊन मोकळे झाले. मावशींची मुलगी इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. आई वही उलटी धरते म्हणून ती हसते, हे मावशींनी माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने मला.

पहिल्याच बैठकीत समितीची तोंडं तीन दिशांना झाली. बाईंचं म्हणणं, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बोध पाहिजे. सेक्रेटरींचं म्हणणं, बोध असो वा नसो, कुणाची लेखी तक्रार येता कामा नये. माझं म्हणणं होतं की गोष्ट चांगली असावी. यावर दोघांनीही माझ्याकडे, हा माणूस विषयाला सोडून बोलतोय, अशा नजरेने पाहिलं.

'हॅन्सेल अँड ग्रेटेल' पहिल्या फेरीतच बाद होत होती. कारण त्यात म्हातारीला भट्टीत ढकलतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका आईने आगाऊ कळवलं होतं की आमच्या पिंट्याला ओव्हनची भीती बसेल. गंमत म्हणजे त्याच पिंट्याला त्याची आजी मराठीत माकड आणि मगरीची गोष्ट सांगते. त्यात मगरीच्या बायकोला मित्राचं काळीज खायला हवं असतं, आणि नवरा ते आणायला निघतोही! भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी वाघाला सरळ थाप मारते. पंचतंत्राचा सगळा पसाराच तसा. विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मठ्ठ पोरांना सहा महिन्यांत शहाणं करायचं कंत्राट घेतलं आणि त्यांना काय शिकवलं? कोण कुणाला कसं फसवतो ते. त्याला शालेय समितीपुढे उभं केलं असतं तर पहिल्या तंत्रातच नारळ मिळाला असता. मराठीत गोष्ट असली की आपल्याला तिच्यात शहाणपण दिसतं; तीच इंग्रजीत आली की आपण तिचे दात तपासतो. इंग्रजी ही आपल्या मनात अजून पाहुण्यांपुढे काढायच्या कपबशांसारखी आहे. तिच्यात रोजचा चहा पिऊ नये, आणि भांडण तर मुळीच करू नये.

अर्थात खडे वेचण्याचा हा उद्योग आम्ही काढला असं नाही. खुद्द ग्रिमबंधूंनीच तो केला. १८१२च्या त्यांच्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायला सांगते ती त्यांची सख्खी आई. सख्खी आई असं कसं करील, वाचकांना कसं वाटेल, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई झाली. झालं, आईची अब्रू वाचली. पण तेव्हापासून जगातल्या सावत्र आया जो मार खाताहेत त्याचा हिशेब कुणी ठेवला? घर झाडलं की केर कुठे तरी जातो, आणि बहुधा शेजारच्या दारात जातो.

१८०७ हे साल तर शेक्सपिअरला फारच जड गेलेलं दिसतं. त्या वर्षी इंग्लंडात त्याची सोवळी आवृत्ती निघाली, घरच्या मंडळींत बसून मोठ्याने वाचता येईल अशी. ती केली हेन्रिएटा बाउडलर या बाईंनी, पण पुस्तकावर कुणाचंच नाव नव्हतं. कारण चावट मजकूर गाळायचा तर आधी तो समजायला हवा, आणि अविवाहित बाईला तो समजला हे उघड कसं करायचं? पुढे १८१८ साली त्यांचे भाऊ थॉमस यांच्या नावावर मोठी आवृत्ती आली आणि इंग्रजीला एक क्रियापद मिळालं. त्याच १८०७ साली चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी मुलांसाठी शेक्सपिअरच्या वीस नाटकांच्या गोष्टी लिहिल्या. वीसांतल्या चौदा बहिणीच्या, पण मुखपृष्ठावर नाव एकट्या भावाचं. गोष्टीतून काय काय गाळलं जातं याची सुरुवात कधी कधी अशी मुखपृष्ठापासूनच होते.

पण मला लॅम भावंडांना एक साष्टांग घालावासा वाटतो, तो वेगळ्याच कारणासाठी. त्या काळी लंडनच्या रंगभूमीवर 'किंग लिअर' चालत असे तो नाहम टेट नावाच्या कवीने १६८१ साली दुरुस्त केलेला. त्यात म्हातारा राजा मरत नाही, धाकटी मुलगी मरत नाही, उलट तिचं लग्न लागतं आणि सगळे हसतमुखाने घरी जातात. खरा शेवट रंगभूमीवर कायमचा परत यायला १८३८ उजाडलं. म्हणजे दीडशे वर्षं तिकीट काढून आलेल्या मोठ्यामोठ्या लॉर्डांना गोड शेवट वाढला जात होता, आणि लॅमच्या पुस्तकातल्या लिअरमध्ये, मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या गोष्टीत, कॉर्डेलिया मरते. भाषा सोपी केलीय, पात्रं कमी केलीयत, उपकथा दोन ओळींत उरकल्यात. पण मरणाऱ्याला मरू दिलंय. मुलांना हे झेपेल आणि लॉर्डांना झेपणार नाही, हा हिशेब मला फार पटतो.

भाषा सोपी करणं निराळं आणि गोष्ट सोपी करणं निराळं, एवढंच मला समितीपुढे सांगायचं होतं. ते सांगायला मी मायकेल वेस्ट या माणसाचा आधार घेतला. हा इंग्रज शिक्षणखात्यातून आपल्या देशात आला आणि ढाक्क्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होता. त्याने पाहिलं, बंगाली पोरं इंग्रजी शिकायला लागतात आणि बरीचशी अर्ध्यात शाळा सोडतात. मग हाती काय राहतं? १९२६ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने यासाठी जो शब्द वापरला तो वाचून माझे डोळे पाणावले. सरेंडर व्हॅल्यू! बत्तीस वर्षं मी हाच शब्द गिऱ्हाइकांना समजावून सांगत होतो. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर पदरात किती पडेल? वेस्टचं म्हणणं, भाषेचंही तसंच. अर्ध्यात सोडणाऱ्याच्या पदरात काही तरी पडायचं तर त्याला वाचायला शिकवा. आणि वाचायला द्यायच्या तर गोष्टी द्या, पण मोजक्या, नेहमीच्या शब्दांत, एका पानावर फार नवे शब्द न आणता. त्याने तशी वाचनमाला काढली, आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार नेहमीच्या इंग्रजी शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली. आज बाजारात हजार शब्दांतल्या, दीड हजार शब्दांतल्या म्हणून ज्या पातळ पातळ कादंबऱ्या मिळतात, त्यांच्या खापरपणजोबांत हा वेस्ट येतो.

हे सगळं ऐकून सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे आपण लहान मुलांचीच पुस्तकं आणू. शब्द कमी, चित्रं जास्त, आणि कुणी हरवलं तरी फार जात नाही."

त्यामुळे पहिली खरेदी 'द कॅट इन द हॅट'ची झाली. डॉक्टर स्यूस या गृहस्थांनी १९५७ साली ते अवघ्या दोनशे छत्तीस शब्दांत लिहिलं, आणि इतक्या शब्दांत माणसाला धड घरभाड्याचा करारही करता येत नाही. ते पहिलं मावशींनी नेलं. तीन आठवडे लागले, पण मुलीला विचारून विचारून त्यांनी शेवट गाठला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आई घरात नाही बघून ते मांजर एवढा पसारा करतं," मावशी पोळी उलटत म्हणाल्या, "आणि मग यंत्र आणून आवरतं. काका, ते यंत्र कुठे मिळतं?"

पुढे त्या म्हणाल्या, "दुसरं काही द्या. हे माझ्या पोरीचं झालं."

इथे माझ्या लक्षात आलं की समितीने एक गोष्ट गृहीत धरली होती, ज्याला शब्द थोडे येतात त्याची समजही थोडी. चाळीस वर्षांच्या बाईला इंग्रजी दोनशे छत्तीस शब्द येत असतील. पण तिने नवऱ्याचं आजारपण काढलंय, भिशी बुडालेली पाहिलीय, आणि तीन घरच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकून चौथ्या घरी त्यातला शब्दही काढलेला नाही. तिला पानापानांवर ससा दाखवणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून दूध-भात भरवण्यासारखं आहे.

गोष्टीतले शब्द कुणाच्या मनाला लागू नयेत म्हणून बदलण्याची लाट मधे आली, तेव्हाही मला या शिकणाऱ्यांचीच काळजी वाटली. २०२३ साली रोआल्ड डाल यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी चॉकलेट कारखान्यातल्या त्या खादाड मुलाला 'फॅट'ऐवजी 'इनॉर्मस' केलं. ओरड झाल्यावर जुना मजकूरही छापत राहू असं जाहीर केलं. त्यातल्या न्याय-अन्यायाचा मी निवाडा करत नाही; लठ्ठ पोरांना शाळेत काय सोसावं लागतं ते मला अनुभवाने ठाऊक आहे. पण 'फॅट' शब्द वॉचमनला पहिल्या दिवशी येतो, 'इनॉर्मस'साठी त्याला शब्दकोश लागतो. सभ्यपणाला नेहमी लांब शब्द का लागतात, कोण जाणे.

तर, मावशींना दुसरं पुस्तक दिलं ते अँडरसनचं 'द लिटल मॅच गर्ल'. म्हणजे कुणा दानशूराच्या गठ्ठ्यातून आलेली त्याची एक सचित्र, सोपी आवृत्ती. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री बर्फात एक अनवाणी मुलगी आगकाड्या विकत फिरते, एकही विकली जात नाही, बाप मारील म्हणून घरी जात नाही, आणि ऊब यावी म्हणून एकेक काडी ओढत बसते. अँडरसनने १८४५ साली ती लिहिली तेव्हा सकाळी ती मुलगी गोठून मेलेली सापडते. आमच्या कपाटातल्या आवृत्तीत शेवटच्या पानावर एक प्रेमळ जोडपं दार उघडतं, तिला आत घेतं आणि सूप पाजतं.

मावशींनी पुस्तक परत आणलं ते कणकेचा हात न लावता, पदरात धरून. म्हणाल्या, "गोष्ट चांगली आहे हो. पण शेवट काही पटला नाही. एवढा वेळ पोरगी ओरडतेय, कुणी बघितलं नाही. आणि मग अर्ध्या रात्री दार उघडतात? रात्रीचं दार कोण उघडतं, काका?"

मी त्यांना मराठीत मूळचा शेवट सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. दोन पोळ्या लाटून झाल्या. मग विचारलं, "मग यात खोटं कशाला छापलं?"

"वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून."

"माझ्या डोळ्यांची त्यांना काय काळजी? मी रोज चार घरचा कांदा चिरते."

आणि मग तवा उतरवताना, स्वतःशीच बोलल्यासारखं, "लहानपणी मी उदबत्त्या विकलेल्या आहेत दारोदार. ते बाकी बरोबर लिहिलंय त्याने. लोक बघतसुद्धा नाहीत."

हा प्रसंग मी समितीत सांगितला तेव्हा बाई गप्प झाल्या आणि सेक्रेटरींनी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिलं. विरोध आला तो घरातूनच. आमची ही म्हणाली, "तुम्हांला काय जातंय मुली मारायला! मी नातवाला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगते. माझ्या आजीच्या गोष्टीत कावळ्याला शेवटी चटका बसायचा. माझ्या गोष्टीत बसत नाही. माझ्यात चिमणी दार उघडते आणि खिचडी वाढते. चार वर्षांचं पोर आहे, त्याला झोप लागायला हवी. तुमचं सत्य त्याला सातवीत सांगा."

यावर माझ्याकडे सहज उत्तर नव्हतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सहज उत्तर द्यायची घाई मी करतही नाही. पण दोन दिवस विचार केल्यावर मला असं वाटतं की तिचं बरोबर आहे आणि त्या पुस्तकवाल्याचं चूक आहे. तिच्या मांडीवर पोराचं डोकं असतं. त्याचे डोळे किती विस्फारले, आज त्याला ताप आहे की नाही, दुपारी तो कशाने रडला, हे बघून ती कावळ्याला किती भिजवायचं ते ठरवते. उद्या पोर मोठं झालं की तीच चटका देईल; गोष्ट तिची आहे आणि पोरही तिचं. छापणाऱ्याला समोर कोण बसलंय ते ठाऊक नसतं. तो पिंट्याला समोर ठेवून सूप पाजतो आणि पुस्तक जातं मावशींच्या हातात. शिवाय आमची ही 'अँडरसनकृत' म्हणून सांगत नाही. दुसऱ्याचं नाव वर छापून आत स्वतःचा शेवट घालणं याला आमच्या कचेरीत, कागद विम्याचा असता, तर वेगळा शब्द होता.

मी सुचवलं, ज्या पुस्तकात शेवट बदललाय त्यावर आत तशी चिठ्ठी चिकटवावी: 'शेवट मूळ गोष्टीप्रमाणे नाही.' बाईंनी, आश्चर्य म्हणजे, लगेच अनुमोदन दिलं. शाई आणि सुंदर अक्षर त्यांचंच. ताडून पाहायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यात माझा पावसाळा गेला. सत्तावीस पुस्तकांना चिठ्ठ्या लागल्या. 'हॅन्सेल अँड ग्रेटेल'ला लागली नाही, कारण कुठल्या शेवटाला आणि कुठल्या आईला मूळ म्हणायचं यावर बाईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ते पुस्तक तूर्त भट्टीसकट कपाटात आहे. पिंट्याने ते दोनदा नेलं.

मावशी आता पुस्तक उघडायच्या आधी चिठ्ठी आहे का बघतात. गेल्या महिन्यात त्यांनी लिअर नेला. लॅमचा नव्हे, लॅमची दोनशे वर्षांपूर्वीची सोपी भाषा आता सोपी राहिलेली नाही. हजारभर शब्दांतली एक पातळ आवृत्ती. शेवट तपासलेला, सगळे व्यवस्थित मेलेले. चौथ्या पानावरच त्यांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली.

"काका, हा राजा जिवंतपणीच सगळं पोरींच्या नावावर करून देतो?"

"हो."

"आणि स्वतःकडे काहीच ठेवत नाही? एक खोलीसुद्धा?"

"नाही."

"अगं बाई," असं म्हणून त्या हातात लाटणं तसंच धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी आमची एक पोळी करपली.

ही गोष्ट त्यांनी उरलेल्या तीन घरीही सांगितली असावी. कारण आठवड्याने सेक्रेटरींकडे पहिली लेखी तक्रार आली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका ज्येष्ठ सभासदांनी कळवलं होतं की असलं पुस्तक सोसायटीच्या वाचनालयात उघड्यावर ठेवू नये, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो, त्यांना नको त्या कल्पना सुचतात. त्यांचा थोरला मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि धाकटा पंचेचाळीसचा. सेक्रेटरींनी अर्ज समितीपुढे ठेवला. पण निर्णय घ्यायला पुस्तक कपाटात होतं कुठे? ते बाहेर गेलेलं होतं आणि त्यासाठी अकरा जणांनी नंबर लावला होता, सगळे साठीच्या पुढचे. यादीत तिसरं नाव तक्रार करणाऱ्या सभासदांचंच आहे.